अंतराळयानाची गाळपक्षमता

सोनारीचे नाव काढले की भाविकाला काळभैरवनाथ आठवतो, लेकरांना देवळाच्या आवारातली माकडे आठवतात आणि ऊस लावलेल्या माणसाला कारखाना. परंडा तालुक्यातल्या या गावात अंतराळयानाचा विषय निघायला वरवर पाहता काही कारण नाही. पण माणसांना अंतराळात नेऊन आणण्याचा धंदा स्वस्त कसा होईल, यावर जगभरचे अभियंते गेली चाळीस-पन्नास वर्षे जो वाद घालत आहेत, तो साखर कारखान्याच्या वार्षिक सभेला एकदा बसून आलेल्या कुणालाही चटकन समजेल.

२५०० टनांचा कारखाना ५००० टनांचा करायचे ठरले तर खर्च दुप्पट होत नाही. बॉयलर मोठा होतो, गव्हाण रुंद होते, मिलचे रोलर वाढतात. पण प्रयोगशाळा एकच राहते, कार्यालय तेच राहते, चिमणी काही दुसरी बांधावी लागत नाही. मोठ्या प्रक्रिया उद्योगांत एक ढोबळ हिशेब चालतो : क्षमता दुप्पट केली की भांडवली खर्च साधारण दीडपट. त्यामुळे पोत्यामागचा खर्च उतरतो. उतरतो कधी? ऊस असेल तर. हंगाम पुरे दिवस चालला तर. पाऊस फसला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या नाहीत आणि फेब्रुवारीआधीच पट्टा पडला, की तोच मोठा कारखाना धाकट्या कारखान्यापेक्षा जास्त खड्ड्यात जातो. कर्जाचे व्याज हंगाम बघून थांबत नाही.

अंतराळ पर्यटनाची स्वप्ने विकणारे यातला पहिला अर्धा भाग हौसेने सांगतात. यान मोठे करा, आसने वाढवा, माणशी तिकीट उतरेल. यानाचा ऊस कुठून यायचा आणि हंगाम किती दिवसांचा, या दुसऱ्या अर्ध्या भागावर सगळे अडते.

आधी बाजारभाव पाहू. डेनिस टिटो हा अमेरिकी उद्योजक एप्रिल २००१ मध्ये रशियाच्या सोयुझ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला. स्वतःच्या खिशातले पैसे भरून अंतराळात जाणारा तो पहिला पर्यटक. त्याने सुमारे दोन कोटी डॉलर मोजले. सोयुझ तीन आसनांचे, साठच्या दशकातल्या आराखड्याचे आणि एकदा वापरून टाकून देण्याचे यान. एप्रिल २०२२ मध्ये ॲक्सिऑम कंपनीची पहिली खासगी मोहीम त्याच स्थानकावर गेली ती स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून. हे यान नवे, चार आसनांचे, पुन्हा पुन्हा वापरता येणारे आणि परत वापरता येणाऱ्या रॉकेटवर बसवलेले. प्रवाशामागे भाव होता सुमारे साडेपाच कोटी डॉलर. जून २०२५ मध्ये याच कंपनीच्या चौथ्या मोहिमेतून शुभांशू शुक्ला स्थानकावर गेले, तेव्हा प्रशिक्षण धरून भारताचा खर्च साडेपाचशे कोटी रुपयांच्या घरात गेला. चोवीस वर्षांत यान सुधारले, आसन वाढले, रॉकेट परत येऊन उभे राहू लागले, आणि तिकीट महागले.

असे का, हे कळायला यानाच्या पोटात शिरावे लागते.

आसन वाढवणे म्हणजे आणखी एक खुर्ची ठोकणे नव्हे, हे सोव्हिएत अभियंत्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत धोकादायक रीतीने अनुभवले. गागारिनला घेऊन गेलेले वोस्तोक एका माणसासाठी होते. आतला गोळा सुमारे २.३ मीटर व्यासाचा. अमेरिका दोन आसनांचे जेमिनी यान तयार करत होती. तिच्या आधी काहीतरी मोठे करून दाखवायचे म्हणून त्याच गोळ्यात तीन माणसे बसवण्याचा हुकूम निघाला. गोळा मोठा करायला वेळ नव्हता. मग बाहेर फेकणारी आसने काढून टाकली आणि अंतराळ पोशाखही काढले, कारण पोशाख घातलेली तीन माणसे आत मावत नव्हती. १२ ऑक्टोबर १९६४ रोजी वोस्खोद-१ उडाले. त्या तिघांत कॉन्स्तान्तीन फेओक्तिस्तोव होते. यान ज्यांनी आखले, त्यांच्यापैकीच हे एक. स्वतः केलेल्या काटकसरीत स्वतः जाऊन बसण्याचे धाडस त्यांनी दाखवले, हे कबूल केले पाहिजे. सगळे सुखरूप परतले.

सात वर्षांनी तो सौदा वसूल झाला. ३० जून १९७१ रोजी सोयुझ-११ परतताना एक झडप अवेळी उघडली, केबिनमधली हवा निघून गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव, पात्सायेव हे तिघेही अंतराळवीर गुदमरून गेले. तिघांच्या दाटीत पोशाखांना जागा नव्हती. त्यानंतर सोयुझमधले एक आसन काढले गेले. पोशाख घातलेली दोनच माणसे जाऊ लागली. तिसरे आसन परत यायला १९८० उजाडले.

ड्रॅगनची कथाही याच वळणाची आहे, फक्त तिच्यात सुदैवाने कुणी दगावले नाही. हे यान सात आसनांचे म्हणून जगापुढे आले. चित्रांत दोन रांगा होत्या, वर चार आणि खाली तीन. पुढे समुद्रात उतरतानाचा धक्का प्रवाशाच्या अंगावर किती यावा याची नासाची मर्यादा पाळण्यासाठी आसनांचा कल बदलावा लागला आणि खालच्या रांगेला जागाच उरली नाही. सातची चार झाली. यानाचा खर्च मात्र सातासाठी होता तेवढाच राहिला.

मग यानच मोठे का करू नये? इथे भूमिती मदतीला येते आणि भूमितीच आडवी येते. कोणत्याही वस्तूची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर तिचे पृष्ठफळ चौपट होते आणि आतली जागा आठपट. म्हणजे आठपट प्रवासी, पण उष्णतेपासून वाचवणारे कवच चौपटच. दिशादर्शक संगणक, रेडिओ, नियंत्रण कक्षातली माणसे तर जवळपास तेवढीच. हवेचा अडथळाही माणशी कमी पडतो. या जमेच्या बाजूवरच शंभर प्रवाशांच्या यानांची चित्रे काढली जातात.

खर्चाची बाजू परतताना दिसते. आठपट वजन चौपट पोटावर वातावरणात शिरते, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर दुप्पट भार. असे यान हवेत उशिरा मंदावते आणि जास्त तापते. पॅराशूटची गोष्ट तर आणखी सरळ : आठपट वजन त्याच वेगाने उतरवायचे तर कापड आठपट लागते. आपल्या गगनयानची कुपी तीन माणसांची आहे, तरी तिला उतरवायला चार प्रकारची मिळून दहा पॅराशूट एकामागून एक ठरल्या क्षणी उघडावी लागतात. ही पॅराशूट इस्रोने उत्तर प्रदेशात बबिना इथे विमानातून वजने टाकून तपासली. तीन माणसांना एवढा खटाटोप. तीस माणसांची कुपी पॅराशूटने उतरवण्याचा नाद म्हणूनच शहाणी माणसे धरत नाहीत. मोठे यान एकतर पंखांवर उतरते, नाहीतर इंजिनांच्या जोरावर.

सुटकेचा प्रश्न याहून कठीण. रॉकेट बिघडले तर वरची कुपी प्रवाशांसकट खेचून दूर न्यायची सोय गगनयानात आहे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून त्याची पहिली उड्डाण-चाचणी झाली, कुपी सुटली आणि बंगालच्या उपसागरात उतरली. तिघांची कुपी अशी उचलता येते. शंभर जणांचे यान उचलणारे सुटका-रॉकेट हेच एक मोठे रॉकेट होईल. विमानातही प्रवाशांना पॅराशूट देत नाहीत, असे यावर उत्तर देतात. ते खरे आहे. पण विमानांनी तो विश्वास कोट्यवधी उड्डाणांनी कमावला आहे.

मोठे करण्याच्या या कारागिरीत महाराष्ट्राचा वाटा बराच मोठा आहे, आणि तो सोनारीपासून फार दूर नाही. भीमा ओलांडून इंदापूर तालुक्यात गेले की वालचंदनगर लागते. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी वसवलेले हे गाव आधी साखरेचे. साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता तिथला कारखाना सत्तरच्या दशकापासून इस्रोच्या रॉकेटांची पोलादी कवचे बनवू लागला. (याच वालचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू केली होती, आजची एचएएल ती हीच.) उसाच्या मिलचा रोलर आणि रॉकेटचे कवच एकाच गावात घडते, याचे कौतुक आपल्याकडे फारसे झालेले नाही.

इस्रोच्या पहिल्या उपग्रहवाहक एसएलव्ही-३ चा पहिला टप्पा एक मीटर व्यासाचा होता. ते अख्खे रॉकेट १७ टनांचे, आणि १९८० मध्ये त्याने सुमारे ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. पुढे पीएसएलव्हीचा घन इंधनाचा टप्पा २.८ मीटर व्यासाचा झाला आणि एलव्हीएम-३ चे एस-२०० बूस्टर ३.२ मीटरचे. या एकेका बूस्टरमध्ये दोनशे टनांहून जास्त घन इंधन भरतात. गगनयानला उचलणार आहेत ते हेच बूस्टर, माणसांसाठी जास्त खबरदारी घेऊन बनवलेले. त्यांची पूर्ण लांबीची चाचणी १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोट्याला झाली. २०३ टन इंधन १३५ सेकंदांत जळून गेले. गगनयानसाठीच्या बूस्टरचा मधला तुकडा लार्सन अँड टुब्रोच्या पवई कारखान्यातून नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर पडला : लांबी साडेआठ मीटर, वजन साडेपाच टन. आकडेमोड केली तर पोलादी भिंतीची जाडी सेंटिमीटरहूनही कमी निघते. तेवढ्या पत्र्याने आतली आग दोन मिनिटांहून जास्त वेळ धरून ठेवायची असते. गाभ्याच्या टप्प्याला लागणारी विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये बनतात.

या कवचांत एक गोम आहे, जी मोठ्या यानांची स्वप्ने पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. आत दाब असलेल्या नळकांड्याला भूमितीची सवलत मिळत नाही. व्यास दुप्पट केला की तोच दाब सोसायला भिंतही दुप्पट जाड करावी लागते, म्हणजे पोलाद आतल्या जागेच्याच हिशेबात वाढत जाते. जाड पोलादाचे जोडकाम अवघड, त्याची भट्टी मोठी, तपासणी लांबलचक. आणि एवढे धूड न्यायचे कसे?

मोठे धूड करून ते हलवण्याची पंचाईत परंड्याला जुनीच आहे. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ दिसते, ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली. सुमारे ५५ टनांची ही तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. ती ओढायला शेकडो बैल आणि वर हत्ती लागल्याचे सांगतात. तोफेचा धाक होता यात शंका नाही, पण तिला घेऊन दर मोसमात मोहिमेवर जाणे कुणालाच परवडले नसते.

आता हंगामाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. अमेरिकेचे स्पेस शटल हा मोठे आणि पुन्हा वापरायचे यान बनवण्याचा इतिहासातला सर्वांत दांडगा प्रयत्न. सात माणसे एरवीच जात. १९८५ मध्ये एका मोहिमेत आठ गेली. मालाच्या कोठीत बसवता येईल आणि काढता येईल अशी सत्तरहून अधिक प्रवाशांची केबिन त्या काळात अभियंत्यांनी कागदावर आखलीही होती. योजना मंजूर करून घेताना जवळपास आठवड्याला एक उड्डाण होईल असे चित्र रंगवले होते. प्रत्यक्षात सर्वांत भरगच्च वर्ष होते १९८५, आणि त्या वर्षी उड्डाणे झाली नऊ. प्रत्येक फेरीनंतर अंगावरच्या वीस हजारांहून अधिक उष्णतारोधक फरशा हाताने तपासायच्या, इंजिने काढायची, पुन्हा बसवायची. हजारो माणसांचा पगार मात्र बारमाही. १९८१ ते २०११ या तीस वर्षांत १३५ उड्डाणे झाली आणि सगळा खर्च भागून पाहिला तर एका उड्डाणाला सुमारे दीडशे कोटी डॉलर पडले. प्रचंड गाळपक्षमता, पण वर्षाकाठी चार-पाच दिवसांचा हंगाम.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर फुटले. बूस्टरच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यातले रबरी कडे थंडीत निकामी झाले होते. आत ख्रिस्ता मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिका होती, सामान्य नागरिक अंतराळात नेण्याच्या योजनेतली पहिली निवड. प्रवासी केबिनचा विषय त्यानंतर मागे पडला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया परतताना मोडले, त्यात कल्पना चावला गेल्या. १३५ पैकी दोन. ७४ आसनांच्या केबिनसह हा आकडा वाचून पाहावा.

कक्षेत न जाता नुसते वर जाऊन खाली येण्याचा मार्ग यापेक्षा पुष्कळ सोपा. कक्षेत राहायला ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग लागतो. ब्लू ओरिजिनचे न्यू शेपर्ड जेमतेम साडेतीन हजारांपर्यंत जाते. वेग आठ पट कमी, म्हणजे गतीची ऊर्जा साठ पटींहून कमी. म्हणूनच सहा प्रवाशांच्या या कुपीला जाड उष्णताकवच लागत नाही, रॉकेट आपल्या पायांवर परत उतरते आणि सगळा खेळ दहा-अकरा मिनिटांत आटोपतो. २० जुलै २०२१ च्या पहिल्या मानवी उड्डाणात ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या आणि १८ वर्षांचा एक मुलगा. एका आसनाचा लिलाव २ कोटी ८० लाख डॉलरना गेला होता. हे यान घडवणाऱ्या अभियंत्यांच्या चमूत कल्याणच्या संजल गावंडे होत्या, म्हणून त्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्रांनी न्यू शेपर्डला पहिल्या पानावर जागा दिली. एरवी दिली असती असे वाटत नाही.

‘लहान यान चालले, आता तेच मोठे करू’ या विचाराची खरी परीक्षा झाली ती मात्र मोहावीच्या वाळवंटात. बर्ट रुटान यांच्या स्पेसशिपवनने २००४ मध्ये शंभर किलोमीटरची सीमा ओलांडून एक कोटी डॉलरचे एक्स पारितोषिक जिंकले. बक्षिसाची अट मोठी समजून घातलेली होती : तीन माणसांचे वजन पेलेल असे यान हवे, आणि तेच यान दोन आठवड्यांत दोनदा उडाले पाहिजे. रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या व्हर्जिन कंपनीने त्याच धर्तीवर दोन वैमानिक आणि सहा प्रवाशांचे स्पेसशिपटू बांधायला घेतले. दोन-तीन वर्षांत पर्यटक जातील असा बोलबाला होता.

इंजिन काही मोठे व्हायला तयार होईना. त्यात रबरासारखे घन इंधन आणि नायट्रस ऑक्साइड जळते. लहान आकारात सुरळीत जळणारे हे इंधन मोठ्या आकारात हिसके देऊ लागले. इंधन रबराचे प्लॅस्टिकसारखे केले, मग पुन्हा रबरावर आले. जुलै २००७ मध्ये नायट्रस ऑक्साइडच्या चाचणीत स्फोट होऊन तिघे कामगार गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये शेपटीचे कुलूप वेळेआधी उघडल्याने यान हवेत मोडले आणि सहवैमानिक मायकेल अल्सबरी यांचा मृत्यू झाला. पैसे भरून प्रवासी गेले ते थेट जून २०२३ मध्ये. तिकीट दोन लाख डॉलरवरून अडीच लाख आणि मग साडेचार लाखांवर गेले. त्या जून महिन्यापासून पुढच्या जूनपर्यंत व्यावसायिक उड्डाणे झाली सात, आणि यान निवृत्त केले.

ड्रॅगनचे तिकीट महाग का राहिले, याचेही उत्तर हंगामातच सापडते. त्याला उचलणारे फाल्कन-९ रॉकेट आता कमालीचे राबते. त्याचे काही पहिले टप्पे तीसहून अधिक वेळा उडाले आहेत. पण ते राबते उपग्रहांसाठी. माणसे घेऊन जायचे ठिकाण एकच, अंतराळ स्थानक, आणि तिथे खासगी पाहुण्यांच्या मोहिमा वर्षाला दोनपेक्षा जास्त होऊ द्यायच्या नाहीत असे नासाचे धोरण. विकणारा एक, जागा चार, फेऱ्या दोन. भाव उतरेल कशाला?

स्पेसएक्सच्याच स्टारशिप यानाची जाहिरात सर्वांत मोठी : नऊ मीटर व्यास, तळाशी तेहतीस इंजिने, शंभर प्रवाशांची भाषा. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचा खालचा टप्पा मनोऱ्याच्या बाहूंनी हवेतच झेलला, तो पराक्रम निर्विवाद. त्यातून चंद्राभोवती फेरी मारण्याची जपानी उद्योजक युसाकू माएझावा यांची मोहीम २०१८ मध्ये गाजावाजा करून जाहीर झाली होती आणि जून २०२४ मध्ये रद्द झाली. माल नेण्यासाठी हे यान जगाचा दर पाडेल, असे मला वाटते. माणसांच्या बाबतीत आधी शेकडो निर्विघ्न फेऱ्या, मग प्रवासी, या क्रमाला आडवाट नाही.

म्हणून या क्षेत्रातली बातमी वाचताना आसनांचा आकडा सोडून द्यावा आणि दोन उड्डाणांमध्ये किती दिवस गेले ते शोधावे. व्हर्जिनच्या पुढच्या पिढीच्या डेल्टा यानात प्रवासी सहाच आहेत; मोठेपणाचा हव्यास त्यांनी सोडलेला दिसतो. बदलले आहे ते उद्दिष्ट : एका यानाची महिन्याला आठपर्यंत उड्डाणे. शंभर आसनांच्या कोणत्याही चित्रापेक्षा मला हा आकडा वजनदार वाटतो. आठ फेऱ्यांचा तो महिना एकदा सुरळीत पार पडला आणि त्याच्यामागे दुसरा, तिसरा आला, तर तिकीट उतरायला लागेल. तोवर नाही.